तिसऱ्या हाकेपर्यंत

माझ्या वर्गातली एक मुलगी हजेरीत पहिल्या हाकेला कधीही ओ देत नसे. तिचे नाव आले की सहावीच्या त्या गजबजलेल्या खोलीत एक गमतीदार शांतता पसरे. मी नाव उच्चारी. ती ताठ बसून माझ्याकडे पाहत राही, ओठ मिटलेले, डोळे मात्र पूर्ण जागे. दुसऱ्यांदा नाव घेतले तरी तेच. तिसऱ्यांदा घेतले की चटकन उभी राहून खणखणीत आवाजात म्हणे, "हजर, बाई!" मग मागच्या बाकांवरून कोणीतरी हमखास पुटपुटे, "चार्ज झाली रे एकदाची," आणि सगळा वर्ग खिदळे.

मला तो आधी हट्ट वाटला. एकदा मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावून विचारले, "तुला नीट ऐकू येतं ना गं?"

"येतं की."

"मग पहिल्यांदाच का बोलत नाहीस?"

तिने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली. "आई सांगते, एका हाकेला ओ द्यायची नाय. दोन हाकांना पण नाय. माणूस असलं तर एका जागेवर उभं राहून तीनदा बोलावतं. ते असलं तर एकदाच बोलावतं नि जागा बदलतं."

"ते म्हणजे काय?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिले. मी रत्नागिरी शहरात, ट्यूबलाइटच्या उजेडात वाढलेली, हे तिला ठाऊक होते. "चकवा, बाई. माणसाला फिरवत नेतो तो." मग मला धीर द्यावा तशी म्हणाली, "वर्गात नसतो, माहितेय मला. पण सवय मोडायला नको ना. आणि तुम्ही बाकांमधनं फिरत फिरत हजेरी घेता, म्हणून मला जरा कठीण जातं."

आमची शाळा पावस गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, सड्याच्या पायथ्याशी आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचे गालिचे अंथरले जातात, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, आणि कोणत्याही ऋतूत त्याच्यावर वाट उमटत नाही, कारण कातळ पावलांची खूण ठेवत नाही. सड्याच्या एका अंगाला वाडी. तिथून बरीच मुले येत. दुसऱ्या अंगाला आंब्याची एक मोठी बाग. त्या बागेच्या राखणीसाठी बांधलेल्या घरात ही मुलगी आईबरोबर राहायची. वडील मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी. घरी कमी, समुद्रावर जास्त.

शाळा सकाळची, एस.टी.च्या वेळेला बांधलेली. थंडीच्या तोंडावर सडा पहाटेपासून धुक्यात बुडालेला असतो, तेव्हा ही मुले एकमेकांना आवाजाने शोधत. वाडीतली मुले सड्यावर चढली की एका ठरलेल्या दगडाशी उभी राहून कूक देत. तोंडाशी तळवे धरून घातलेली ती लांब, पातळ 'कूऽऽ' सड्यावरून वाहत जाई. तीनदा. तिसऱ्या कुकीनंतर बागेच्या बाजूने उत्तर येई, आणि मग ती मुलगी त्यांच्या आवाजाचा धागा धरून त्यांच्यापर्यंत पोचे. गृहपाठ, सुट्टी, सहलीचे पैसे, शाळेचे सगळे निरोप तिला त्या दगडाशीच कळत. आईच्या फोनवर शाळेचा व्हॉट्सअॅप गट नव्हता. तो साधा, बटणांचा फोन होता. घरात टीव्हीही नव्हता.

त्या वर्षी भारताच्या मुलींच्या क्रिकेट संघाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, तेव्हा सर्वांत जास्त अंगात आले ते हिच्या. ती डावखुरी गोलंदाज. शाळेच्या पटांगणावर रबरी चेंडूने ती मुलांच्या विटा, म्हणजे स्टंप म्हणून उभ्या केलेल्या खऱ्याखुऱ्या विटा, पाडायची. "मुलींची मॅच कोण बघतो?" असे म्हणणाऱ्या एकाला तिने सुनावले होते, "तू नको बघू. तू काल माझ्या बॉलवर कुठं पडलास ते सांगू काय सगळ्यांना?"

सामना रविवारी होता. पावसाने उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला. आपल्या मुली जिंकल्या. मुख्याध्यापकांचा संदेश शाळेच्या गटावर आला: 'लेकींनी करून दाखवलं. उद्या शाळा दहाला भरेल. सर्वांनी पुरेशी झोप घ्यावी.' त्याखाली आमच्या एका शिक्षिकेने लिहिले, 'सर, पुरुषांच्या विजयाला आजवर एवढी झोप मिळाली नव्हती!' हसरे चेहरे, तिरंगे, टाळ्या यांची रांग लागली. निरोप वाडीच्या घराघरांत पोचला. बागेतल्या त्या घराची आठवण आमच्यातल्या कोणालाही झाली नाही. तिला निरोप वाटेत मिळतो, हे आमच्या इतके अंगवळणी पडले होते की तो निरोप त्या सकाळची वाटच पुसून टाकणारा आहे, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

मी शाळेमागच्या खोलीत राहत असे. सोमवारी सवयीने नेहमीच्याच वेळी जाग आली. चहाचा कप घेऊन शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसले. धुके पायरीपर्यंत आले होते. पटांगण नव्हते, फाटक नव्हते. पेजेच्या निवळीसारखा एक पातळ पांढरेपणा होता आणि त्यात ओल्या जांभ्याचा, भिजलेल्या पेंढ्याचा वास. पन्हाळीतून थेंब पडत होते. रिकाम्या वर्गांची दारे आतून कोणी टेकून बसावे तशी मिटलेली. ज्या वेळी लवकर येणाऱ्या मुलांचा गलका सुरू व्हायचा त्या वेळी कानांना तो गलका हवा होता, आणि तो मिळेना म्हणून कान आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू लागले होते.

तेवढ्यात सड्यावरून कूक आली.

लांब, पातळ, शेवटी किंचित वर उचललेली. मी कप खाली ठेवला. वाडीतली मुले निघाली की काय, असे वाटले. एखाद्या घरी निरोप पोचला नसेल. दुसऱ्या कुकीची वाट पाहिली. ती आली नाही. थेंबांचा आवाज तेवढा पुन्हा मोठा झाला. का कोण जाणे, मी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

थोड्या वेळाने धुक्यातून एक बाई उगवली. आधी नुसती हालचाल, मग साडीचा हिरवा रंग, मग हातातला स्टीलचा डबा. त्या मुलीची आई.

"बाई, पोरगी डबा विसरून आली बघा. मॅचचा निकाल ऐकायचाय म्हणून आज उजाडताच पळाली," ती हसत म्हणाली. मग तिने मिटलेल्या दारांकडे पाहिले. "पोरं कुठायत?"

"आज शाळा दहाला आहे, वहिनी. काल रात्री निरोप..."

"वाडीतली पोरं नाय आली?"

"नाही."

"मग ही कोणाच्या आवाजावर आली?"

तो प्रश्न तिने मला विचारला नव्हता. डबा व्हरांड्यावर ठेवून ती वळली, आणि मी चपला घालून तिच्या मागे धावले.

सड्यावर चढल्यावर कळले की खालचे धुके काहीच नव्हते. इथे हात लांब केला तर बोटे अंधुक होत होती. उभे वाळके गवत पोटऱ्यांना ओले चाटून जाई, मग अचानक पायाखाली नागडा कातळ लागे, मग पुन्हा गवत. मधोमध जुनी चिरेखाण आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होते आणि दोघीही ते बोलत नव्हतो. जांभ्याचे चिरे कापून नेल्यावर उरलेला तो खड्डा घराच्या खोल्यांसारखा सरळ कापलेला, काठ जमिनीशी सपाट, ना कठडा ना कुंपण. यंदा पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला होता. खाण हिरव्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

आईने हाक मारली. लेकीचे नाव धुक्यात गेले आणि मिटले. ती उजवीकडे धावली, तिथून हाक मारली. मग पुढे. मग मागे, माझ्या डाव्या अंगाला. तिच्या हाकेत आता नाव कमी आणि किंकाळी जास्त होती. धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही. ती माझ्यापासून चार हातांवर असताना तिचा आवाज खाणीपलीकडून आल्यासारखा वाटे, आणि ती खरोखर लांब गेली की कानाशी कोणी कुजबुजल्यासारखा. एकदा तर तिने नाव घेतले आणि माझे मलाच वाटले, ही तिची आई नव्हे. ही आईच्या आवाजात बोलणारी दुसरीच कोणीतरी आहे, आणि ती क्षणोक्षणी जागा बदलते आहे.

एका जागेवर उभं राहून तीनदा.

मी आवाजाच्या रोखाने धडपडत गेले, तिचा दंड सापडला, तो घट्ट धरला.

"वहिनी, हलू नका. तुम्ही तिला काय शिकवलंय? एका हाकेला ओ द्यायची नाही ना?"

ती दंड सोडवू लागली होती; ती थांबली.

"ती ऐकत असेल," मी म्हटले. "ऐकून गप्प बसली असेल. तुम्ही एकेक हाक मारून पळताय."

"अगो माझे बाय..." ती मटकन कातळावर बसली. "बाई, तुमीच बोलवा. माझा आवाज आता माझाच राहिला नाय."

मी पाय रोवून उभी राहिले. वर्गातला आवाज काढायचा होता, भीतीचा नव्हे, म्हणून घसा खाकरला. फळ्याकडे पाठ करून उभी राहते तशी उभी राहिले आणि हजेरीच्या संथ चालीत तिचे नाव घेतले. कोठेच काही हलले नाही. दुसऱ्यांदा घेतले. आई माझ्या पायाशी साडीचा काठ मुठीत आवळून बसली होती. दोन हाकांमधली ती पोकळी मी जन्मात विसरणार नाही. तिला वास होता, ओल्या लोखंडासारखा. त्या पोकळीत कोणीतरी तिसऱ्या हाकेची वाट पाहत होते हे मला त्वचेला कळत होते. फक्त तेथे वाट पाहणारे एकच आहे, याची खात्री वाटत नव्हती.

तिसऱ्यांदा नाव घेतले.

"हजर, बाई!"

इतक्या जवळून, की मी दचकले. उजवीकडून, किंचित खालून.

"जागची हलू नकोस," मी म्हणाले. "बोलत राहा. पाढे म्हण."

"कितीचे?"

"कितीचेही म्हण गो!" आई ओरडली.

तिच्या तेराच्या पाढ्यावर आम्ही रांगत गेलो. खाणीच्या काठाशी टाकाऊ चिऱ्यांचा ढीग होता, त्यावर ती दप्तर पोटाशी धरून बसली होती. तिच्या पावलांखाली एक चिरा, आणि चिऱ्याखाली धुक्यात झाकलेले पाणी. आईने तिला ओढून कुशीत घेतले, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा कुशीत घेतले.

"मी ऐकत होते," मुलगी आईच्या खांद्यावरून म्हणाली. "तुझ्या आवाजात ते मला बोलवत होतं. कधी इथनं, कधी तिथनं. मी ओ दिली नाय." मग तिने माझ्याकडे पाहिले. "बाई, जिंकल्या काय हो?"

"जिंकल्या," मी म्हणाले. माझा आवाज तेव्हा फुटला.

खाली उतरताना मी तिचा हात सोडला नाही. तो थंड होता, कातळाचे कण चिकटलेला. मी विचारले, "सकाळी तू कूक दिलीस, ती ऐकली मी शाळेतून. परत का नाही दिलीस?"

"मी नाय दिली, बाई. पहिली कूक वाडीतल्यांची असते." ती सहज सांगत होती. "त्यांनीच दिली. एकदाच. त्यांच्याच बाजूनं, खाणीकडनं. मी थोडी गेले तिकडं. मग दुसरी आली नाय, म्हणून होते तिथंच बसले."

आईने माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिच्याकडे पाहिले नाही.

दहाला शाळा भरली तेव्हा धुके विरले होते. वाडीतली मुले रस्त्याने गात, नाचत आली. कोणी गालांवर तिरंगा रंगवला होता, कोणी शेवटच्या झेलाची नक्कल करत होते. मी त्यांना दारातच विचारले, "सकाळी सड्यावरून कूक कोणी दिली?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. "बाई, आम्ही तर झोपलेलो."

"आईशप्पथ, बाई. मला तर आजोबांनी पाणी मारून उठवलं."

हजेरीला सुरुवात केली. एरवी मी बाकांमधून फिरते. त्या दिवशी टेबलापाशीच उभी राहिले. तिचे नाव आले. वर्ग नेहमीप्रमाणे गालातल्या गालात हसायच्या तयारीत होता, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून की माझ्या, कोण जाणे, कोणी हसले नाही. पहिली हाक. दुसरी. खिडकीबाहेर सडा उन्हात पिवळाजर्द पसरला होता, शांत, कोठेही काही नसलेला. मी तिकडे कान दिला. मग टेबलाची कड घट्ट धरून, जागची तसूभरही न हलता, मी तिला तिसऱ्यांदा बोलावले.