नंदाच्या चुका, माझ्या सुधारणा

डीटीपीच्या दुकानात चार वर्षं काढली की किस्से गोळा करायला लागत नाहीत. कीबोर्ड उलटा करून झटकला की बिस्किटाचा भुगा पडतो ना, तसे ते पडतात. माझी अडचण एवढीच, की दहातले नऊ किस्से नंदाचे निघतात. आणि नंदाचं नाव काढलं की आजही माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामतीत तात्यांचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, लेबलं, सगळं. दोन कॉम्प्युटर आणि दोघी आम्ही. एक मी, शोभा. टायपिंगच्या परीक्षा इंग्रजी चाळीस, मराठी चाळीस, दोन्ही फर्स्ट क्लास! दुसरी नंदा, लोणी भापकरची. मराठी तीस, तेही दुसऱ्या खेपेला! माझ्या कामात चूक दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असं मी छातीठोकपणे सांगायचे. तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारणार, "नंदाताई हायती का?" नसली तर म्हणणार, "बसतो मग." माझ्यासमोर बसणार हो! मी रिकामी, ते रिकामे!

त्यात तात्यांनी इंदापूरला इंटरनेटचं दुकान काढायचं ठरवलं. म्हणाले, "तुमा दोघीतल्या एकीला तिकडं इनचार्ज करतो. जिच्या हाताला यश हाय, तिला."

मी इंदापूरची. रोज यायला एसटीनं दीड तास, जायला दीड तास. माझ्या मुलीची वेणी सासूबाई घालायच्या. ती खुर्ची मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

*

पत्रिकेची आमची पद्धत सोपी. जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची, नव्या नावानं सेव्ह करायची. नंदा नावं बदलायची, पण सगळी नाही! एकदा इंदापूरकडच्या पत्रिकेत नवरीच्या मामांच्या यादीत आधीच्या लग्नातले किसनराव तसेच राहिले. गिऱ्हाईकानं प्रूफ तपासून सहीसुद्धा केली. पण प्रूफमध्ये माणूस फक्त स्वतःचं नाव शोधतो.

ती पत्रिका फिरत फिरत लोणी भापकरला खुद्द किसनरावांच्या हातात पडली. माणूस बायकोला घेऊन, नवरीला साडी घेऊन, जीप करून मांडवात हजर!

"पावणं, तुमी कुनाकडचं?"

"आता काय सांगावं? नाव छापलंय म्हटल्यावर यायला नको व्हय?"

नवरीचा खरा मामा नेमका मानपानावरून रुसून घरी बसलेला. अंतरपाट धरला आणि नवरीच्या मागं मामा नाही! किसनराव उभे राहिले. पुढं दोन्ही घरांचं येणंजाणं इतकं वाढलं, की वर्षानं त्यांच्यातच सोयरीक झाली. पत्रिका छापायला आमच्याकडेच आले. दारातून म्हणाले, "नंदाताई हायती का?"

काय नशीब असतं एकेकीचं!

*

एका डाळिंबवाल्याच्या खोक्यांवर 'एक्स्पोर्ट क्वालिटी' छापायचं होतं. नंदानं 'एक्स्पर्ट क्वालिटी' छापलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आता तरी बोलणी खाईल बया!

महिन्यानं तो आला. मी खुर्ची पुढं ओढून बसले, नीट ऐकू यावं म्हणून.

"ताई, तेच लेबल आनकी छापा. मार्केटातला व्यापारी म्हनतो, एक्स्पोर्टचा माल समदेच आनत्यात, एक्स्पर्टवाला तुजाच हाय. त्योच पाठव."

*

आता माझंही ऐका. एका आबांच्या मुलाचं लग्न होतं. कागदावर स्वतःचं नाव त्यांनी कुणाकडून तरी लिहून आणलं होतं 'भिवा'. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव पत्रिकेवर असं बरं दिसतं का? मी 'भीमराव' केलं. अक्षर कसं टपोरं! आबांनी नुसत्या डिझाइनकडे बघून मान डोलावली. त्यांना वाचायची सवय नव्हती, हे मला काय ठाऊक?

आठ दिवसांत सगळे गठ्ठे घेऊन परत.

"भावकी विचारतीया, ह्यो भीमराव कोन? पोराचा बाप बदलला का काय?"

तात्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मी म्हटलं, "तात्या, ही चूक नाही. ही सुधारणा आहे!" त्यांना फरक कळला नाही. नव्या पत्रिका नंदानं केल्या. नवरीच्या बापाचं नाव चुकलं, पण आबांना चाललं म्हणे! तिनं प्रूफ देताना त्यांना चहा पाजला होता.

*

पुढचं सांगू नये, पण सांगते.

एका साडीवाल्याचं हँडबिल होतं. सेल बुधवारी सुरू व्हायचा, नंदानं मंगळवारची तारीख टाकली. एकीनं टाईप केलं की दुसरीनं वाचायचं, ही आमची पद्धत. मी वाचलं. चूक ढळढळीत दिसली. आणि मी कागदावर लिहिलं, 'ओके'. जळत होते हो! बघते म्हटलं आता ही कशी जाते इंदापूरला.

मंगळवार त्यांच्या गावच्या बाजाराचा दिवस निघाला. दुकान उघडायच्या आत बायकांची रांग! साडीवाला पेढे घेऊन आला. "नंदाताई, काय डोकं हाय तुमचं! ही बाजाराची आयडिया मला न्हाय सुचली!"

नंदानं हँडबिल उचलून तारीख पुन्हा वाचली. मग पहिला पेढा तिनं मलाच दिला. मी तो खाल्ला नाही, पर्समध्ये टाकला. घरी मुलीनं खाल्ला आणि विचारलं, "आई, तुझं कौतुक झालं?"

काय सांगणार? झोप म्हटलं गुपचूप.

*

निमगाव केतकीच्या हिराबाई महिन्यातून एकदा आमच्या दुकानातून ई-मेल पाठवायला यायच्या. त्यांचा मुलगा दत्ता मस्कतला कंपनीत होता. तीन वर्षं घरी फिरकला नव्हता. तेव्हा मेलमधून मराठी अक्षरं जात नसत, म्हणून मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. हिराबाई बोलायच्या आणि नंदा तसंच्या तसं बडवायची. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम! 'दत्त्या मुडद्या शेळी व्याली दोन पिल्लं झाली तुज्यावानीच आडमुठी हायती जेवतोस का न्हाय.' वाचून मला घाम फुटायचा.

एकदा नंदा रजेवर होती, तेव्हा हिराबाई माझ्या हाती लागल्या. तात्या मागंच उभे होते, बघत. म्हटलं, शोभा, हीच वेळ आहे!

हिराबाईंनी नेहमीसारखं सुरू केलं, "लिव, दत्त्या मुडद्या..."

मी लिहिलं, 'चिरंजीव दत्तात्रय यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेमकुशल आहे. आमची काळजी करू नये. आपली प्रकृती सांभाळावी.' एक अक्षर इकडचं तिकडं नाही! तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झकास!"

चौथ्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा. दाढी वाढलेली, हातात बॅग, डोळे लाल.

"ह्यो मेल कुनी लिवला?"

दत्ता होता तो! "आईनं जन्मात मला चिरंजीव म्हटलं न्हाय. म्हटलं, आई गेली आन दुसऱ्याच कुनीतरी लिवलंय. तुमच्या दुकानाला दोन दिवस फोन लावत व्हतो, सारखा एंगेज!" एंगेज असणारच. इंटरनेट चालायचं त्याच फोनच्या वायरवर! शेवटी साहेबाच्या हातापाया पडून त्यानं विमान धरलं. घरी गेला तर आई शेळीला पाला घालत बसलेली.

गेलं इंदापूर, गेली खुर्ची! तात्यांकडे बघायची हिंमत होईना. मुलीची वेणी आता सासूबाईच घालणार.

तेवढ्यात मागून हिराबाई आत शिरल्या. सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"तात्या, वरीसभर ती नंदी लिवतीया, तवा ह्यो मुडदा हलला न्हाय. ह्या बाईनं येक डाव लिवलं, आन पोरगं दारात! काय हाताला यश हाय हिच्या!"

तात्यांनी दत्ताकडे पाहिलं. हिराबाईंकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून इंदापूरच्या दुकानाची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर नंदा बसली होती. तिचे हात कीबोर्डवर थांबले. माझ्याकडे बघत, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली,

"काय नशीब असतं एकेकीचं!"