बोक्याचं दत्तकविधान

आमचे बाबा भिक्षुकी करतात. परभणीत आणि आसपासच्या गावांत वास्तुशांत असो, मुंज असो की लग्न, गुरुजी म्हणून बोलावणं बहुतेक त्यांनाच. आणि त्याच गुरुजींच्या घरी वरच्या मजल्यावर ताई आणि मी, आम्ही दोघं बहीणभाऊ, पर्शियन मांजरं पाळून त्यांची पिल्लं विकतो. खाली सोवळं, वर मांजरं आणि मधल्या जिन्यावर आई. वरून उतरणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरचे केस ती ओल्या हातानं निपटून काढते, मगच त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देते.

हा बसल्या जागेचा धंदा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सकाळी आमच्याकडं यावं. पर्शियन मांजराचं नाक इतकं बसकं असतं की डोळ्यांतलं पाणी तोंडभर ओघळतं, ते रोज कापसानं पुसायचं. अंगाला रोज फणी फिरवायची, नाहीतर पोटाखाली केसांच्या अशा गाठी होतात की कात्रीशिवाय सुटत नाहीत. वाळूचे ट्रे उपसायचे. त्यात परभणीचा उन्हाळा म्हणजे या केसाळ जातीला शिक्षाच, म्हणून घरातला मोठा कूलर वर गेला. तेव्हापासून आमचे नातेवाईक फार प्राणिप्रेमी झाले. ‘जरा मांजरं बघून येतो’ म्हणत जेवून वर गेलेला पाहुणा चहालाच खाली येतो, आणि मांजरं किती होती असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही.

बाबांचा आधी या सगळ्याला विरोध होता. तो मावळला तो आमच्या राखाडी मांजरीचा कागद पाहून. जातिवंत मांजराबरोबर त्याच्या पिढ्यांचा कागद येतो. बाबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि आईला हाक मारली. “श्राद्धाला बसलेल्या माणसाला पणजोबाचं नाव विचारलं तर तो काकाला फोन लावायलाय, आणि हिच्या दोन्हीकडच्या पिढ्या बघ कशा लिहून ठेवल्यात!” त्या दिवसापासून राखाडी मांजरी बाबांच्या लेखी चांगल्या घरची झाली. गिऱ्हाईक आलं की ते स्वतः वर येऊन तिचं कूळ सांगू लागले. विकत घ्यायला आलेला माणूस घाबरून हात जोडायचा.

आता ताईचं सांगतो, कारण लग्न अडलं होतं ते तिचंच. सेलूच्या एका शाळेतले मास्तर बहिणीसाठी पिल्लू न्यायला आले होते. पिल्लू नेलं, आणि फणी कशी करायची ते विचारायला परत आले. मग कापूस कुठला वापरायचा ते विचारायला आले. पुढं वाळूबद्दल विचारायला आले तेव्हा माझ्यासारख्या ठोंब्याच्याही लक्षात आलं. घरच्यांची बोलणी झाली, आईनं पसंती दिली, बाबा मास्तरांशी पंचांगावर दोन तास गप्पा मारून खूश झाले. शेवटी गोत्र विचारलं. त्यांचंही भारद्वाज, आमचंही भारद्वाज.

बाबा उठले आणि हात धुऊन आले. “सगोत्र होत नसतं,” एवढंच म्हणाले. दोन्ही घरांत कुणी कुणाच्या नात्यातलं नव्हतं, ओळखीतलंसुद्धा नव्हतं. मी भांडलो, आई बोलली, काही उपयोग झाला नाही. “दुनियेला होत नाही म्हणून सांगणारा मी, आणि माझ्याच घरात करू?” ताई दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखे ट्रे उपसले आणि सांगितलं, लग्न करीन तर त्यांच्याशीच, नाहीतर मांजरं आहेतच. याला दोन वर्षं झाली होती. मास्तरही थांबले होते. मला बाबांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

अशात आम्ही पांढरा बोका आणला. त्याआधी राखाडीला आम्ही नांदेडला एका ओळखीच्यांच्या बोक्याकडं पाठवत असू. तिथं जे व्हायचं ते बाबांच्या नजरेआड व्हायचं. आता घरातच सोय झाली म्हणून आम्ही खुशीत होतो. बाबा वर आले, बोक्याला नीट न्याहाळलं, त्याच्या पिढ्या वाचल्या, मान डोलावली आणि विचारलं, “गोत्र काय याचं?”

मी हसलो. बाबा हसले नाहीत.

“मांजराला कुठलं आलंय गोत्र?” मी म्हणालो.

“गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात.” त्यांनी राखाडीकडं बोट केलं. “हीपण काश्यप. जमायचं नाही.”

“अहो, मग जगातली सगळी मांजरं काश्यप झाली! एकाचंही जमायचं नाही!”

“जगात काय चालायलंय ते मला माहीत नाही. या घरात होणार नाही.” असं म्हणून त्यांनी बोक्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. जानव्याची किल्ली मागायची कशी? ती काढून घ्यायची म्हणजे तर महापापच. बोक्याला खायला घालायचं झालं की मी बाबांना हाक मारायचो, ते वर यायचे, वाकून जानव्यासकट कुलूप उघडायचे आणि मी आत जाऊन येईपर्यंत दारात पहारा द्यायचे. ताई हे सगळं बघत होती.

शास्त्र राखाडीला माहीत नव्हतं. ती माजावर आली. माजावर आलेल्या मांजरीचा आवाज ज्यांनी ऐकला नाही ते सुखी आहेत. तो सुरू होतो तेव्हा कुणीतरी तक्रार करतंय असं वाटतं आणि पुढं कुणीतरी गेलंय असं वाटतं. कुलपाआडून बोका तिला साथ द्यायचा. बाबांचं पठण चुकू लागलं. एकदा रुद्र म्हणताना ते तिसऱ्यांदा मागं गेले आणि तांब्या आपटून उठले. त्यातच बोरीचे एक शेतकरी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला आले. पंचांग उघडलं आणि वरून हंबरडा फुटला. ते पाहुणे पागोटं सावरत उभेच राहिले. “गुरुजी, वर कोण बाई रडायलीय? काही झालं असंल तर आमी मागून येतो.”

“कोणी नाही हो, मांजर आहे,” बाबा म्हणाले. पण पाहुण्यांना ते पटलेलं दिसलं नाही. लेकीच्या मुहूर्ताला असा आवाज नको म्हणून ते निघून गेले.

त्या दिवशी बाबा जेवायला बसले. ताक वाढून झाल्यावर म्हणाले, “एक मार्ग आहे. बोका दत्तक द्यायचा. दुसऱ्या गोत्रात गेला की प्रश्न मिटला.” आणि वालूरच्या मामाला फोन लावला, कारण मामाचं गोत्र वसिष्ठ.

मामा शेती करतो. त्याला बाबांचा धाक. पण फोनवर मागून मामीचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. “दत्तक घ्यायलाव, पण उद्या त्याचं नाव सातबाऱ्यावर लावावं लागंल का ते इचारा आधी!” बाबांनी नाही म्हणून शब्द दिला तेव्हा मामा निघाला.

देवघरापुढं पाट मांडले. मामा धुतलेलं धोतर नेसून बसला आणि त्याच्या मांडीवर पांढरा बोका. बोक्याची पावती माझ्या नावावर, म्हणून देणारा मी. बाबा सांगतील तसं मामानं माझ्याकडं बोका मागितला आणि मी तो दिला म्हणालो. मामाच्या हातावर पाणी सोडताच थेंब बोक्याच्या अंगावर उडाला, त्यानं मामाच्या मांडीत नख्या रोवल्या आणि मामा जो शब्द ओरडला तो देवघरापुढं उच्चारायचा नव्हता. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “आजपासून हा वसिष्ठ,” ते म्हणाले, आणि जानव्याची किल्ली सोडून ताईपुढं धरली.

ताईनं ती घेतली नाही.

“बाबा, दत्तक दिलं की गोत्र खरंच बदलतं?”

“बदलतं.”

“माणसाचंपण?”

“माणसाचंच बदलतं. मांजराचं मी ओढूनताणून बसवलंय.”

“मग दोन वर्षांपूर्वी तुमाला हे माहीत नव्हतं?”

बाबांनी किल्ली पाटावर ठेवली. मग म्हणाले, “माहीत होतं.”

ताईनं मामाच्या मांडीवरून बोका उचलला, माझ्याकडं दिला आणि स्वतः मामाच्या मांडीवर जाऊन बसली. तिशी उलटलेली माझी बहीण, पंजाबी ड्रेसवर मांजरांचे केस, तशीच. “अगं अगं, माझा गुडघा!” मामा कळवळला, पण त्यानं तिला उठवलं नाही.

“तांब्यात पाणी हाय अजून,” ताई म्हणाली. “मलापण देऊन टाका.”

“बोका दिला तरी तो वरच राहणार,” बाबा म्हणाले. “तुला दिलं की तू मामाची. कन्यादान हा करणार. इतक्या लोकांच्या लेकींची लग्नं लावली मी. माझ्या लेकीच्या लग्नात मी कुठं बसू?”

दोन वर्षं ज्या माणसावर मी रागावलो होतो तो शास्त्राला धरून बसलेला माणूस होता. हा बाप मला माहीतच नव्हता. मला रडू आलं, आणि हातात बोका असल्यामुळं डोळेही पुसता येईनात.

“बसायचंच कशाला?” ताई म्हणाली. “बाप म्हणून बसलात तर लग्न दुसरे गुरुजी लावतील. आता मामा बाप झाला, तर तुमी उभे राहा. माझी मंगलाष्टकं तुमीच म्हणा.”

वर राखाडीनं सूर लावला. बाबांनी पळी उचलली, परत ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

“आईला बोलाव,” ते म्हणाले. “दोघांच्या हातानं द्यावं लागतं.”