मैत्रिणीचं कासव

माझ्या जिवलग मैत्रिणीकडे एक कासव होतं आणि मी त्या कासवावर जळत असे. एखाद्या मुलीच्या रेशमी परकरावर जळावं तर ठीक. पण पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते बोडकं ध्यान अंगणात रांगताना दिसलं, की माझं पित्त खवळायचं. शाळा सुटली की तिला आधी ते. त्याला ऊन मिळालं का, पाणी बदललं का, कुठे मातीत दडून तर नाही ना बसलं. मी आपली दप्तर घेऊन फाटकाशी उभी.

तिच्या घरचे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, पनवेलला आमच्या शेजारीच राहायचे. तिचे वडील मुंबईत नोकरीला होते. कासव त्यांनीच तिथल्या बाजारातून आणलेलं. शनिवार त्यांचा शब्बाथ, धर्मानं ठरवलेल्या विश्रांतीचा दिवस, तेव्हा त्यांच्याकडे चूल पेटत नसे, झाडाचं पानसुद्धा कुणी तोडत नसे. म्हणून शनिवारचा पाला माझ्याकडे. मी जास्वंदीची पानं नेऊन टाकायची आणि ते माझ्याकडे ढुंकूनही न बघता खायचं. ती कौतुकानं म्हणायची, "बघ, कसं शहाण्यासारखं जेवतंय." पानं कुणी आणली, त्याचं काही नाही.

स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी ते सगळे इस्रायलला निघाले. निघताना ती रडली, पण कासवाला छातीशी धरून. मग ते माझ्या हातात देत म्हणाली, "ह्याला दूध पाजू नकोस. पाणी उथळ ताटलीत ठेवायचं. आणि हे कसं आहे ते मला लिहीत जा." तू कशी आहेस ते लिही, असं काही ती म्हणाली नाही. तरी मी सगळं इमानेइतबारे केलं. रोज पाला, रोज ताटली, रोज चिडचिड.

आमच्या आळीत कासव म्हणजे विहिरीत सोडायची वस्तू. कासवानं पाणी निवळ राहतं, असं जो तो सांगायचा. एका दुपारी मी शाळेतून आले, तर माझे काका विहिरीच्या काठावर समाधानानं उभे. "किती कोरडं पडलं होतं बिचारं," ते म्हणाले. "आत्ताच सोडलं पाण्यात."

"काका, ते जमिनीवरचं आहे. त्याला पोहता येत नाही."

काका तसेच धोतर खोचून पायऱ्या उतरले. मी काठावरून वाकून बघत होते. कासवाची माया मला कधीच नव्हती. पण ते गेलं तर ती मला कशाला पत्र लिहील, हेच सारखं मनात येत होतं. काकांनी ते वर आणून डोकं खाली करून धरलं, तेव्हा त्याच्या तोंडातून पाणी गळलं. बऱ्याच वेळानं त्यानं एक पाय हलवला आणि मी त्याला उचलून उन्हात नेऊन ठेवलं.

घडलं ते सगळं मी तिला कळवलं. उत्तर आलं. पानभर कासवच. त्याला किती दिवस उन्हात ठेवायचं, श्वासाचा आवाज येतो का बघायचं, काकांना काय बजावून सांगायचं. शेवटी लिहिलं होतं, "त्याला माझी आठवण येते का गं?"

मी कासवाकडे पाहिलं. पोट भरलं होतं, मान आत घेऊन स्वस्थ झोपलं होतं. त्याला कसली आठवण येणार?

"येते," मी लिहिलं. "रोज येते."