कुणी कुणाला सांगायचं नाही

आम्ही नागपूरची माणसं. आमच्याकडे माया गोडगोड बोलून होत नाही. "जेव", "स्वेटर घाल", "उन्हात हिंडू नको" असं दटावूनच होते. आणि २००५च्या सुमारास मी मँचेस्टरला आयटी कंपनीत कामाला आले तेव्हा खोली घेतली ती नेमकी अशा बाईंच्या घरी, जिथे कुणी कुणाला काही करायला सांगणं हाच गुन्हा!

बाई सत्तरी ओलांडलेल्या. पन्नासच्या दशकात त्या आणि त्यांचे मित्र एका पबच्या माडीवर जमायचे. देव नको, सरकार नको, लग्न नको, पक्ष तर मुळीच नको. त्या टोळक्यातले आता तिघंच उरले होते. बाई, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, आणि जुन्या पुस्तकांचं दुकान चालवलेले एक गृहस्थ. दर रविवारी दुपारी आमच्या किचनमध्ये त्यांची बैठक. जगातल्या सगळ्यावर वाद घालायचा, पण कुणावर हुकूम चालवायचा नाही. एकदा मी प्राध्यापकांना म्हटलं, "गार वारा सुटलाय, मफलर बांधा." तिघंही खो खो हसली. "बघा, सरकार आलं!" प्राध्यापक म्हणाले. मला राग आला आणि हसूही आलं.

पण प्राध्यापकांची ती नुसती बडबड नव्हती. सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून ऐन विशीत पोलिसांनी त्यांना दंडाला धरून घरातून नेलं होतं, तुरुंगात टाकलं होतं. बाई आणि ते चाळीसेक वर्षं एकमेकांचे होते. पण लग्न नाही की एक घर नाही. ते दोन गल्ल्या सोडून राहायचे.

एका रविवारी बोलता बोलता त्यांच्या हातातला कप निसटला. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली. शब्द जड यायला लागले.

"ॲम्ब्युलन्स बोलावते," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. अडखळत, पण स्पष्ट. "मला कुणी न्यायचं नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पुस्तकवाले म्हणाले, "त्यानं नाही म्हटलंय. आता आपण जबरदस्ती केली, तर आयुष्यभर जे बोललो त्याचं काय?"

अरे बाप्पा! माणूस डोळ्यांदेखत चाललाय आणि ह्यांचं शास्त्र सुरू! माझं डोकंच फिरलं. "काहून पाहून राहिले सारे? मरून राहिला ना तो माणूस!" मी अस्सल नागपुरीत ओरडले. कुणाला काही कळलं नाही. मी फोन उचलला.

"हा तुझा अधिकार नाही," पुस्तकवाले माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"नसू दे," मी म्हटलं आणि पत्ता सांगितला.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची ती वेळ सरता सरेना. बाई प्राध्यापकांचा लुळा हात चोळत होत्या. ते बाईंकडे बघत होते, ही मला नेऊ देणार नाही अशा भरवशानं. बाईंना गदागदा हलवावंसं वाटत होतं मला.

ॲम्ब्युलन्समधून दोघी आल्या. "येताय ना आमच्याबरोबर?" त्यातल्या एकीनं वाकून विचारलं. प्राध्यापकांनी उजव्या हातानं तिचा हात झटकला. मग म्हणाले, मी सैन्यात भरती होणार नाही, तुमच्या साहेबाला सांगा. ती सरळ उभी राहिली. "आपण कुठे आहोत हेही त्यांना कळत नाहीये. तुम्ही यांच्या मिसेस का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग कोण?"

चाळीस वर्षांत ह्या नात्याला नाव द्यायची कधी गरजच पडली नव्हती. पुस्तकवाले त्यांच्याकडे बघत होते, मीही बघत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "घेऊन जा त्याला."

प्राध्यापकांना ते ऐकू गेलं. त्यांनी बाईंच्या हातातून आपला हात सोडवायचा प्रयत्न केला, पण तो हात हलेना.

ते वाचले. काठी घेऊन चालायला लागले, बोलणंही सुधारलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "तुझ्यावर माझा राग नाही. तू आमच्यातली नाहीसच. ती होती." रविवारी त्यांनी येणं बंद केलं. मग पुस्तकवालेही येईनासे झाले.

बाई रविवारी दुपारी कोट चढवून प्राध्यापकांच्या घरापर्यंत दोन गल्ल्या चालून यायच्या. परत आल्या की सांगायच्या, "त्याचे पडदे उघडलेत." बेल वाजवायच्या नाहीत. एके दिवशी माझा तोल गेला. "काय हे! जीव वाचवलात त्यांचा, आणि तुम्हीच चोरासारख्या हिंडताय? जा, दार ठोठावा, चार शब्द सुनावा त्यांना!"

"त्याचं चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमचं चुकलं?"

"तो आहे ना तिथे? मग राहू दे रागावलेला."

त्या कोटासकटच खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मला तसं काही झालं, तर फोन कर."

"आणि तुम्ही नको म्हणालात तर?"

"तर माझं ऐकू नकोस," असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या.