भटूआबांची उलटी शर्यत

पुढे गाडी पळवणारे छप्पन भेटतील. धुळे तालुक्यातल्या भटूआबांनी नाव कमावलं ते मागे पळवून. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, दोन्ही बाजूंनी झेंड्या रोवलेल्या अरुंद पट्ट्यातून ते सगळं धूड उलटं न्यायचं आणि शेवटी चुन्याने आखलेल्या चौकोनात उभं करायचं. झेंडी पडली किंवा चौकोन ओलांडला की बाद. सर्वात कमी वेळ ज्याचा, तो पहिला. ऐकायला सोपं आहे. बसून बघा एकदा. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. रुसलेल्या विहिणीसारखी, बोलवाल तिकडे येणारच नाही.

आबांना मात्र तो हातचा मळ. तरुणपणी जिनिंगमध्ये कापसाच्या ट्रॉल्या लावता लावता हात बसला. पहिल्यांदा यात्रेच्या शर्यतीत ट्रॅक्टरवर चढले तेव्हा लोक हसले, उतरले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. फैजपूरच्या केळीवाल्या ड्रायव्हरांची हयात बागेतल्या चिंचोळ्या वाटांत गेलेली, पण आबांचं नाव पुकारलं की तेही म्हणायचे, "चला, आता दुसऱ्या नंबरचं बघू." बायको मंजुळाबाई प्रत्येक शर्यतीला बरोबर असायची. परतताना बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन मडगार्डवर बसायची आणि म्हणायची, "नवलना बाप, आते तरी पुढे चाला."

मागल्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली. साधा ताप, म्हणता म्हणता. आबा सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायचे, तीच संध्याकाळी खायचे. पारावर जाऊन बसावं तर जो तो आपल्या संसारात. फार एकटं वाटायचं. आणि हे सांगायचं कुणाला? जिला सांगायचं तीच नव्हती.

मुलगा नवल सुरतेला. तो सारखा म्हणायचा, "आबा, इकडे या, एकटे काय करता तिथे?" आबांना त्या चौथ्या मजल्याचा धसका होता. शेवटी बापलेकांत बोली झाली. या यात्रेत आबा पहिले आले तर घर, शेत, ट्रॅक्टर सगळं राहील आणि नवल पुन्हा विषय काढणार नाही. हरले तर बाडबिस्तरा गुंडाळून सुरत. शब्द म्हणजे शब्द.

शर्यतीच्या दिवशी आबांनी मान मागे वळवली आणि ट्रॅक्टर असा काही आणला की एक झेंडी हलली नाही. घड्याळ धरलेले पंच हेमराजभाऊ खुर्चीतून उठलेच. एवढ्या कमी वेळात तिथवर कुणी आलंच नव्हतं. ट्रॉली चौकोनात शिरली. पण आबा थांबेनात. चाकं रेघ ओलांडून पलीकडच्या हरभऱ्यात गेली, लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

"आबा, असं कसं झालं?" हेमराजभाऊ धावत आले. "रेघ दिसली नाही?"

रेघ कधी दिसलीच नव्हती. ट्रॉलीच्या फळ्यांआडून ती कुठल्या ड्रायव्हरला दिसते? बाकीचे चाचपत येतात, म्हणून त्यांना वेळ लागतो. आपला अंदाजच पक्का, असं आबा समजत आले होते. आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. मंजुळाबाई कायम त्या रेघेच्या बाजूला, बायकांत बसायची. चाक रेघेला टेकलं की झालं, आता घरी जायचं, म्हणून लुगडं झटकून उठायची. तिने कधी हाक मारली नाही की खूण केली नाही. ती उठली की आबांचा पाय ब्रेकवर जायचा, एवढंच. इतकी वर्षं हे ना तिला माहीत, ना त्यांना. आज त्या बायकांतून कुणी उठलं नाही.

आबा स्टिअरिंग धरून बसून राहिले आणि भर यात्रेत, सगळ्यांदेखत रडले. ती गेली तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं होतं. बऱ्याच वेळाने आबांनी खिशातून मोबाइल काढला आणि सुरतेला लावला.

"हारनू रे नवल," ते म्हणाले. "माले लेवाले ये."