उस्ताद आधी चहा घेत नसत

उस्ताद विमान चालवायला शिकवायचे, पण परीक्षा घेण्याआधी आमच्या घरचा चहा कधी प्यायले नाहीत. म्हणायचे, "चहा पोटात गेला, वहिनी, की 'नाही' म्हणताना जीभ अडखळते." मला तर तो माणूस भारी खडूस वाटायचा.

शहाद्यात मोटार आली तरी माणसं बघायला धावत, त्या काळात आमच्या यांनी दोन जणांचं विमान घेतलेलं. पुढे विषमज्वराने यांना चार महिने अंथरुणाला खिळवलं. जरा बरं वाटताच विमानाचा हट्ट! "हात काय इसरतस का?" म्हणाले. पदरात दोन लेकरं. मीच दिराकरवी उस्तादांना यांची परीक्षा घ्यायला बोलावून घेतलं.

वर गेल्यावर न सांगता इंजिन मंद करायचं आणि म्हणायचं, "इंजिन गेलं, शेठ. उतरा आता," ही उस्तादांची रीत. ती मला ठाऊक होती, तरी वरचा आवाज थांबला तशी मी घराबाहेर धावले. विमान गोमाई नदीकाठच्या आमच्या पडीक रानाकडे उतरू लागलं. पडीक कसलं! यांच्या आजारपणात दिराने तिथे केळी लावलेली. अंथरुणाशी बसून मीच यांना सांगितलं होतं. "अहो, केळी! केळी!" मी खालून वेड्यासारखी ओरडत सुटले. पानं फडफडायला लागली, तेव्हा कुठे इंजिन गरजलं.

उतरल्यावर उस्ताद म्हणाले, "नाही. विमान तुम्ही विसरला नाहीत, शेठ. पण डोक्यात चार महिन्यांपूर्वीचं रान घेऊन उडताय. आधी पायी हिंडा."

हे घरी येऊन धुमसले, "मन्हंच रान माले दावतस!" पण हिंडले हो, बांधाबांधाने. पुढच्या खेपेस इंजिन मंद होताच विमान नदीच्या कोरड्या पात्राकडे वळलं. उतरल्यावर उस्ताद नुसतं "हं" म्हणाले.

मग दर पावसाळ्यानंतर विमान बाहेर काढण्याआधी ते यायचेच. माझी भीती काही गेली नाही, पण त्यांचं ते "हं" ऐकलं की मला झोप लागायची.

एका वर्षी ते आले नाहीत, तार आली. दुसऱ्या कुणाला शिकवताना विमान कोसळलं, उस्ताद गेले. हे ओसरीवर बसून लहान पोरासारखे रडले. पाणी देत मी म्हटलं, "दुसरे कुणी शिकवणारे येतील की."

"येतीन," हे म्हणाले. "पन माले नही म्हननारा कोन शे आते?"

विमान यांनी विकून टाकलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि तिथेच उस्तादांसाठी पोटभर रडले.