हात लावू नको

कुर्ल्यात आमच्या गल्लीच्या टोकाला तो जुने टेम्पो मोडतो. मूळचा मालवणकडचा, बोलणं मोजकंच. टेम्पोची बॉडी खालच्या चासीवरून उतरवायला एरवी चार माणसं लागतात. तो एकटाच बोल्ट कापतो, साखळीच्या कप्पीने एकेक कोपरा उचलतो, खाली लाकडी ठोकळे सरकवतो आणि गाडीशी पुटपुटतो, “उठ गो बाय, सावकाश.”

मध्यंतरी मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो, तेव्हाच एक ठोकळा फुटला आणि अख्खी बॉडी कलली. मी धावत जाऊन तिची कड धरली. त्याने माझ्या छातीत धक्का मारून मला मागे पाडलं. बॉडी आदळली, केबिन चेपून गेली. विकण्यासारखं काही उरलं नाही.

“अरे, दोघांनी धरली असती ना!” मी ओरडलो.

तो चेपलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. “माझो धाकटो भाव असोच धरूक गेल्लो. मीच हाक मारलंय त्याका.”

मग त्याने मला हात देऊन उठवलं, माझा शर्ट झटकला आणि गेटबाहेर आणून सोडलं.

हल्ली कामाआधी तो गेटला आतून कडी घालतो.

“आत तुझ्यावर काही पडलं तर बाहेर कुणाला कळणारसुद्धा नाही रे,” मी म्हणालो.

“म्हणानच घालतंय,” तो म्हणाला.